पातळ हवेत जीपला दम: रँग्लरवर सुपरचार्जर बसवताना

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर वसलंय. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे इथली घरं, शाळा, पेट्रोल पंप सगळे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास, आणि शहर सोडून पश्चिमेला निघालं की खरा चढ सुरू होतो. आय-७० या महामार्गानं तासाभरात तुम्ही आयझेनहॉवर बोगद्याशी, सुमारे ११,००० फुटांवर पोचता. माझी २०१४ ची जीप रँग्लर अनलिमिटेड, ३.६ लिटर व्ही-६ इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, ३५ इंची टायर. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर तिला ट्रकांच्या लेनमधून जावं लागायचं. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, इंजिन किंचाळतंय आणि काटा ताशी ४५ मैलांवर.

दोष गाडीचा नव्हता, हवेचा होता. समुद्रकाठी हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) असतो. डेन्व्हरला तो साधारण १२.१ आणि बोगद्यापाशी ९.७. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे जवळपास ३ टक्के ताकद गमावतं. कागदावर २८५ अश्वशक्ती असलेलं हे इंजिन डेन्व्हरला २४० च्या आसपास देतं आणि बोगद्यापाशी १९०. त्यात जड टायर, लोखंडी बंपर, छतावर तंबू.

सुपरचार्जर हा इंजिनाच्या क्रँकवरून, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावरून, बेल्टनं फिरणारा हवेचा पंप. त्याची पुली ठरलेली असल्यामुळे तो हवेचा दाब साधारण ठरावीक पटीत वाढवतो. समुद्रकाठी ६ पीएसआय बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) देणारा पंप दाब सुमारे १.४ पट करतो. डेन्व्हरला त्याच पटीनं बूस्ट ५ च्या आसपास दिसतो आणि बोगद्यापाशी ४ च्या. पण तिथला एकूण दाब मोजा: ९.७ गुणिले १.४ म्हणजे साडेतेरा-पावणेचौदा. ११,००० फुटांवर इंजिन जवळजवळ समुद्रकाठची हवा ओढतंय! डोंगरानं काढून घेतलेला श्वास परत मिळतो. मला सुपरचार्जर हवा होता तो एवढ्यासाठीच, आणि हा सगळा लेख त्याच हेतूनं लिहिलाय. रेसिंगसाठी ताकद वाढवायची असेल तर हिशेब वेगळे.

आधी गिअर, मग सुपरचार्जर

मोठे टायर लावलेत आणि ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे) अजून ३.२१ किंवा ३.७३ आहे, तर सुपरचार्जरचा विचार बाजूला ठेवा. आधी ॲक्सलमधली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकं बदलून ४.५६ किंवा ४.८८ करून घ्या. ३५ इंची टायरला हेच शोभतं. खर्च सुपरचार्जरच्या निम्म्याहून कमी आणि फरक पहिल्याच चौकात कळतो. मी हे आधी केलं. अर्धं दुखणं तिथंच गेलं.

दगडांवरून गाडी हळू चढवायला सुपरचार्जरचा फारसा उपयोग नाही हेही मनाशी स्पष्ट असू द्या. ते काम लो-रेंज गिअरचं, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या गिअरचं. सुपरचार्जर कामी येतो तो महामार्गाच्या लांब चढावर, वाळूत आणि १२-१३ हजार फुटांच्या खिंडींच्या वाटांवर, जिथं सुपरचार्जर नसलेलं इंजिन नुसतं धापा टाकतं.

कुठल्या जातीचा घ्यायचा

तीन जाती आहेत. रूट्स पद्धतीचा, ज्यात ईटन कंपनीचे टीव्हीएस रोटर येतात. दुसरा ट्विन-स्क्रू. हे दोन्ही इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) जागी इंजिनाच्या डोक्यावर बसतात आणि अगदी कमी आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांपासून) बूस्ट देतात. तिसरा सेंट्रिफ्यूगल. तो टर्बोच्या गोगलगाईसारखा दिसतो, इंजिनाच्या पुढच्या बाजूला ब्रॅकेटवर बसतो आणि त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो. तो बसवायला सोपा, कारण मॅनिफोल्ड उघडावा लागत नाही. पण ऑफ-रोडला १,८०० ते ३,५०० आरपीएममध्ये दम लागतो, म्हणून माझं मत पहिल्या दोन जातींना. मी टीव्हीएस रोटरवाला घेतला.

किट घेताना एकच हट्ट धरा: इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, असलेलंच घ्यायचं. हवा दाबली की तापते. १.४ पट दाबताना रोटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर हवेचं तापमान ५० अंशांच्या आसपास चढतं. ३० अंशांची हवा ८० अंशांची होऊन सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल वेळेआधी भडकतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात आणि पिस्टन फुटतात ते त्यानंच. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच १०.२ आहे, म्हणजे सिलिंडर आतली हवा एवढ्या पटीनं दाबतो, त्यामुळे गय फार नाही. ताकद हवेतून येते आणि इंजिन मरतं ते उष्णतेनं. पुढची प्रत्येक पायरी या एका वाक्याभोवती फिरते.

खर्चाचा अंदाज: नुसतं किट सहा ते आठ हजार डॉलर. गॅरेजवाल्याकडून बसवून घेतलं तर मजुरी वेगळी. मी आणि एका मित्रानं दोन शनिवार-रविवार घालवून घरी बसवलं.

कायद्याचं आधी बघा. कॅलिफोर्नियात राहत असाल तर किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ (परवानगीच्या आदेशाचा) क्रमांक हवाच, आणि त्याचा स्टिकर बोनेटखाली लागतो. इतर राज्यांतही असा क्रमांक असलेलं किट घेतलं तर धूर-तपासणीत उत्तर द्यायला सोपं जातं. विमा कंपनीला कळवा. महाराष्ट्रातले मित्र विचारतात, आपल्याकडे चालेल का? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडीत असा बदल करता येत नाही. शिवाय २०२० पासूनची पेट्रोल थार मुळातच टर्बो घेऊन येते. तिथं हा खटाटोप नकोच.

इंजिनाची तब्येत

किट मागवण्याआधी सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा, जमलं तर लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) चाचणीही करा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा सिलिंडर मागे असेल तर तिथंच थांबा. दुखऱ्या इंजिनावर बूस्ट म्हणजे आजारी माणसाच्या पाठीवर पोतं.

माझ्या जीपमधल्या या ३.६ इंजिनाचं नाव पेंटास्टार, त्याची दोन दुखणी सगळ्या जाणत्या मेकॅनिकना ठाऊक आहेत. एक, व्हॉल्व्हच्या रॉकरची टिकटिक. ती ऐकू येत असेल तर आधी दुरुस्त करा. दुसरं, ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं घर. ते दोन हेडच्या (सिलिंडरांच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागांच्या) मधल्या खोलगट जागेत, मॅनिफोल्डच्या खाली बसलेलं असतं आणि काही वर्षांनी त्यातून ऑइल झिरपायला लागतं. सुपरचार्जर नेमका त्याच्या डोक्यावर येणार. म्हणून मॅनिफोल्ड उघडलाच आहे तर ते घर बदलून टाका, ॲल्युमिनियमचं मिळतं ते घाला. आत्ता शे-दोनशे डॉलर वाचवले तर वर्षभरानं सगळा डोलारा पुन्हा उतरवावा लागेल.

उघडताना

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. इंधनाच्या रेलमध्ये सुमारे ४ बार दाब असतो, म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. कूलंट खालच्या नळातून स्वच्छ बादलीत काढा. २०१२ पर्यंतच्या जेके (माझ्या गाडीच्या पिढीच्या) रँग्लरमध्ये एचओएटी प्रकारचं कूलंट आहे, २०१३ पासून ओएटी. दोन्ही मिसळू नका, मिसळलं तर चिखल होतो.

आता एक काम, जे घाईत सगळे विसरतात. काहीही उघडण्याआधी मॅनिफोल्डच्या भोवतीची जागा व्हॅक्यूमनं साफ करा. माझ्या गाडीत त्या खोलगटात पाइनच्या सुया, युटा राज्यातल्या मोॲबची लाल वाळू आणि उंदरानं आणून ठेवलेल्या फोमचा गोळा निघाला. हे सगळं मॅनिफोल्ड उचलल्यावर सरळ व्हॉल्व्हवर पडलं असतं.

मग क्रमानं हवेचा डबा, थ्रॉटल बॉडी, वरचा प्लास्टिकचा प्लेनम (हवेची पेटी), फ्यूएल रेल, खालचा मॅनिफोल्ड. प्रत्येक कनेक्टर सोडण्याआधी फोटो काढा आणि त्याला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर कुठले ते लिहा. हेडची सहा तोंडं उघडी पडली की लगेच रंगीत टेपनं बंद करा. रंगीत अशासाठी की परत काढायला विसरू नये. चिंधी कोंबू नका, तिचा धागा आत राहतो.

प्लग याच वेळी बदला. मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, आणि गॅप (ठिणगीची फट) किटवाला सांगेल तेवढाच. मूळ गॅप १.१ मिलिमीटर आहे, बूस्टखाली तो कमी करावा लागतो, नाहीतर दाटलेल्या हवेत ठिणगी विझते आणि इंजिन जोरात असतानाच मिसफायर होतो.

बसवताना

हेडवरची बसण्याची जागा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून स्पिरिटनं पुसा. लोखंडी खरवडणी नको, ॲल्युमिनियमवर ओरखडा गेला की तिथून हवा गळणारच. नवीन इंजेक्टरच्या ओ-रिंगना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सरळ दाबून बसवा. तिरपी बसलेली ओ-रिंग कापली जाते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. या कामात आगीचा खरा धोका एवढाच, त्यामुळे इथं वेळ घ्या.

सुपरचार्जर जड असतो, एकट्यानं उचलू नका. एक जण समोरून, एक जण बाजूनं, आणि तिसरा माणूस मिळाला तर त्याच्याकडे फक्त गॅस्केट सरकत नाहीत ना हे बघायचं काम. आम्ही बोनेट पूर्ण काढून ठेवलं होतं, त्यानं कमरेला फार बरं वाटलं.

बोल्ट सगळे आधी हातानं लावा. नुसत्या बोटांनी, चार-पाच आटे पकडेपर्यंत. बोटांना अडखळतोय असं वाटलं की उलटा फिरवा, 'टक' असा बारीक आवाज येऊन बोल्ट आट्यात बसतो, मग पुढे न्या. आमच्या मागच्या डाव्या बोल्टला तीनदा मागे यावं लागलं. तिथं पाना लावून जोर केला असता तर हेडमधले आटे मेले असते, आणि हेडचे आटे मरणं म्हणजे आठवडाभराचं काम. सगळे बोल्ट पकडले की मधून बाहेरच्या दिशेनं, आडवे-तिडवे, तीन फेऱ्यांत आवळा. शेवटची फेरी टॉर्क पान्यानं, किटच्या पुस्तकातल्या आकड्यावर. हे आकडे बहुतेक वेळा इंच-पाउंडमध्ये असतात. फूट-पाउंड समजून आवळलं की बोल्ट तुटतो.

बेल्ट नवीन आणि जास्त लांबीचा येतो. त्याची वाट जुन्यापेक्षा वेगळी, किटमधलं चित्र बोनेटच्या आत चिकटवून ठेवा, पुढे रस्त्यात बेल्ट तुटला तर तेच कामाला येईल. सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी धरून बघा. दोन मिलिमीटरचा फरकही बेल्ट खातो.

या इंजिनाला हवा मोजणारा सेन्सर नाही, ते मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतं. हा दाब मोजणारा मूळचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे वाचू शकत नाही. म्हणून किटमधला नवा सेन्सर लावा. जुना तसाच राहिला तर कॉम्प्युटरला बूस्ट दिसणारच नाही आणि पेट्रोल कमी पडेल.

पाण्याची वाट

इंटरकूलरचं पाणी इंजिनाच्या कूलंटपासून वेगळं फिरतं. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे, स्वतःचा विजेवर चालणारा पंप आणि स्वतःची छोटी टाकी. पंप सगळ्यात खाली, टाकी सगळ्यात वर, आणि मधली नळी कुठेही उंट होऊन वर गेलेली नको. पाणी आणि अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं. कोलोरॅडोच्या थंडीत साधं पाणी गोठून जाळी फोडेल.

आम्ही चुकलो ते इथं. पाणी भरलं, दहा मिनिटं पंप चालवला, पातळी स्थिर दिसली आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी आय-७० वरच्या फ्लॉइड हिलच्या चढावर बाहेर २४ अंश असताना मॅनिफोल्डमधली हवा ८२ अंशांवर गेलेली स्क्रीनवर दिसली. लगेच बाजूला घेतली. जाळीत जाणारी नळी हाताला चटका देत होती, बाहेर येणारी गार. टाकीचं झाकण उघडलं तर पाणी अगदी निवांत, एक तरंग नाही. पंप गुणगुणत होता, पण हवेच्या बुडबुड्यावर नुसता फिरत होता. घरी परतून पुढची चाकं रॅम्पवर चढवली, झाकण उघडं ठेवलं, अर्धा तास पंप चालवत नळ्या हातानं दाबत राहिलो. आधी मोठे बुडबुडे, मग बारीक, मग साखरेच्या दाण्याएवढे. जवळजवळ अर्धा लिटर पाणी आणखी गेलं. त्यानंतर त्याच चढावर तीच हवा ४९ अंशांवर थांबली.

म्हणून खूण लक्षात ठेवा: टाकीत वाहतं पाणी डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आवाजावर विश्वास नको.

ट्यूनिंग आणि पहिली सुरुवात

नवं ट्यूनिंग (पेट्रोल आणि ठिणगीचा नवा हिशेब) गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकल्याशिवाय इंजिन चालू करू नका, एका मिनिटासाठीसुद्धा. इंजेक्टर मोठे झालेत, जुन्या हिशेबानं ते भरमसाट पेट्रोल ओततील. छोटं हातातलं यंत्र ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला लावून फाइल चढवायची असते. त्या वीस मिनिटांत बॅटरीचा व्होल्टेज पडू नये म्हणून चार्जर लावून ठेवा. नंतरच्या वर्षांच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर आधी अनलॉक करून घ्यावा लागतो, किट मागवतानाच विचारा.

मग किल्ली फक्त ऑनवर, तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी पंप दोन सेकंद चालेल. टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी बघा आणि वास घ्या. आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी ठेवा. सगळं कोरडं असेल आणि काढलेलं कूलंट परत भरलेलं असेल तरच स्टार्ट. पाच मिनिटं आयडलवर चालू द्या, गळती बघा, बेल्टची धाव बघा, बंद करा, थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघून लागेल तेवढं पुन्हा भरा.

पेट्रोलच्या टाकीत यापुढे फक्त प्रीमियम. कोलोरॅडोत पंपावरचं साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं, प्रीमियम ९१ चं. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा आणि झाकणावर लिहून ठेवा. भारतातल्या आकड्याशी याची तुलना करू नका. ऑक्टेन मोजायच्या रॉन आणि मॉन अशा दोन पद्धती आहेत. भारतात रॉन हा आकडा असतो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. इथलं ९१ म्हणजे ९५-९६ रॉनच्या आसपास.

पहिले दोनशे मैल अर्ध्याहून जास्त ॲक्सिलरेटर नको. त्यानंतर डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर), किंवा रिकाम्या सरळ चढावर सोबत एक माणूस बसवून, डेटा नोंदवा. चार गोष्टी बघायच्या. हवा-इंधनाचं प्रमाण पूर्ण बूस्टखाली साडेअकरा ते बाराच्या आत. मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान. फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकिंग जाणवलं की कॉम्प्युटर ठिणगी किती अंश उशिरा टाकतो ते. क्वचित एखादा अंश दिसला तर चालतं, पण बूस्टखाली तो पुन्हा पुन्हा तीन-चार अंशांवर जात असेल तर पाय काढा, फाइल ट्यूनरला पाठवा, त्याचं उत्तर येईपर्यंत गाडी शांत चालवा.

नंतरची निगा

शंभर मैलांनी गाडी थंड असताना सगळे क्लॅम्प आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा तपासा. गरम-थंड होऊन दोन-तीन तरी सैल निघतात. बेल्टच्या कडा बघा. इंजिन ऑइल पूर्वीपेक्षा लवकर बदला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर भार वाढलाय, त्याचा कूलर मोठा करा. एअर फिल्टर प्रत्येक धुळीच्या सहलीनंतर काढून बघा, कारण रोटरमधल्या फटी कागदाएवढ्या बारीक असतात आणि वाळू त्यांना कायमची ओरबाडते.

चिखलात जाऊन आलात तर पुढची जाळी मागून पुढे, हलक्या धारेनं धुवा. आता तिथं एकामागे एक दोन जाळ्या आहेत आणि मधल्या फटीत वाळलेला चिखल बाहेरून दिसत नाही. इंजिनाचं तापमान विनाकारण दोन-चार अंश वर राहायला लागलं की आधी तिथं टॉर्च मारायची.

मागच्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतलीच इमोजीन खिंड चढलो, १३,११४ फूट. शेवटच्या वळणाआधी सुट्या दगडांचा एक तीव्र चढ आहे, जिथं आधी मला दोनदा मागे येऊन वेग घ्यावा लागला होता. या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये, २,४०० आरपीएमवर, बूस्टचा काटा तीनच्या जरा वर, हवेचं तापमान ४१ अंश, आणि टायर एकदाही न घसरता गाडी वर आली. माथ्यावर उतरून पहिलं बोनेट उघडलं, टाकीचं झाकण काढलं. पाणी वाहत होतं.